गाण्याच्या पानावर नको

विद्यापीठ वसाहत,
२२ जून २०२४

काकी,

पाया पडते. तू फोनवर रागावलीस तरी पडते. "जे इचारायचं ते लिहून इचार, फोनवरचं बोलनं मांगून कोनी कबूल करत नाई," असं म्हणून तू फोन ठेवलास तेव्हा मला आधी हसू आलं. मग वाटलं, तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरलेली बाई दुसरं काय म्हणणार. तर घे, लिहून विचारते.

येत्या जानेवारीपासून आमच्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'देशी ज्ञानपरंपरा' नावाचा नवा पेपर येतो आहे. त्यातला एक घटक तांड्यांवर आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत आम्ही बारा जण, त्यात तांड्यात वाढलेली मी एकटी. पहिल्याच बैठकीत एका सरांनी विचारलं, "बंजाऱ्यांकडे नाचगाणं सोडून ज्ञान म्हणावं असं काही आहे का हो?" विचारण्यात कुचकेपणा नव्हता, खरंच माहीत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत दाखवते. अध्यक्षा साधना मॅडम म्हणाल्या, "दाखवा की," आणि चहा मागवला.

मी दोन गोष्टी घ्यायचं ठरवलंय. एक म्हणजे नसाब, आपली तांड्याची पंचायत. त्यावरचं पान लिहून झालं आहे, सोबत जोडते. कोर्टाची पायरी न चढता भांडणं कशी मिटायची, आणि आपले दौलतसिंग आजोबा तांड्याचे नायक म्हणून आजूबाजूच्या पाच तांड्यांत निवाड्याला कसे बोलावले जायचे, ते त्यात आहे. वाचून बाबांचे डोळे भरून आले होते.

दुसरी गोष्ट ढावलो, म्हणजे निरोपाच्या वेळची नवरीची रडगाणी. मला पाच हवीत, अर्थासकट, जुलै संपायच्या आत. मोबाइलवर म्हणून पाठवलीस तरी चालेल. तुझ्याइतकी ती तांड्यात कोणाला येत नाहीत हे सगळेच सांगतात. काकी, आजवर त्यांच्या पुस्तकांत आपण फक्त फोटोत होतो, आरशांची फडकी घेतलेल्या बायका म्हणून. पहिल्यांदा मजकुरात येतोय. नाही म्हणू नकोस.

काकांना नमस्कार सांग.

तुझी निता

*

वरचा तांडा, किन्हीराजा,
४ जुलै २०२४

निते,

पत्र पोचलं. सोयाबीन चार पानांवर आलंय, तण काढायला डवरे चालू आहेत. तुझे काका तुझं पत्र तीनदा वाचून आता सगळ्यांना सांगत फिरतात की त्यांच्या बापावर विद्यापीठात धडा येणार. मी त्यांना काही बोलले नाही. तुला बोलते.

पहिलं, ढावलो मिळणार नाही. मोबाइलवर म्हण म्हणतेस, तर गळ्यात कोणाच्या पडू, मोबाइलच्या? तू रजिस्टर ऑफिसात सही केलीस आणि तिथूनच गाडीत बसलीस, म्हणून तुला हे माहीत नसेल तर तुझा दोष नाही. पण माहीत नसलेलं असं ठामपणे लिहू नये. "नवरीची रडगाणी" हे शब्द तू कुठून आणलेस? हे बाहेरच्यांचे शब्द आहेत. त्यांना लांबून रडण्याचा आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, म्हणून ते रडगाणं.

ढावलो कसा असतो ते सांगते, नीट वाच. पोरगी सासरी निघते. तिला रीतीप्रमाणे बैलावर उभं करायच्या आधी ती एकेकाच्या गळ्यात पडते. बापाच्या, भावाच्या, काकाच्या. प्रत्येकाला जे सांगायचं ते सुरात सांगते, आणि ते तिचं तिनं जुळवायचं असतं. सूर म्हाताऱ्या बायका शिकवतात, शब्द कोणी शिकवत नाही. कोणी वाईट वागलं असेल तर तेही त्यात येतं. भावानं मारलं, काकानं वावराचा धुरा कोरून जमीन ढापली, बापानं शाळा सोडवली, काहीही. आणि रीत अशी आहे की जाणारीला मध्येच थांबवायचं नाही. नायक असो की आणखी कोणी, उभं राहून ऐकायचं.

आता तू लिहिलेलं नसाबाचं पान काढ. त्यात पंच कुठे बसायचे, हुक्का कसा फिरायचा, सगळं आलं. बाया कुठे बसायच्या ते नाही आलं. कारण बसतच नव्हत्या. बाईचं भांडण असलं तरी तिच्या वतीनं बाप बोलायचा नाही तर भाऊ. मग बाईनं बोलायचं कधी? जाताना. तेवढी एकच वेळ होती.

म्हणून सांगते, ढावलो गाण्याच्या पानावर नको. नसाबाच्या पानाशेजारी ठेव. ते गाणं नाही, म्हणणं आहे. कोर्टात कसं विचारतात, तुमचं काय म्हणणं आहे, तसं म्हणणं.

सासऱ्यांवर बरं लिहिलंस. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी केलेल्या निवाड्यांत भागिरथाचा निवाडा तू घेतला नाहीस. तुझ्या बाबांना विचार, भागिरथा कोण.

काकी

*

विद्यापीठ वसाहत,
१९ जुलै २०२४

काकी,

तुझं पत्र मी समितीत जसंच्या तसं वाचून दाखवलं, फक्त शेवटचा परिच्छेद सोडून. त्या 'नाचगाणं'वाल्या सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. साधना मॅडम म्हणाल्या, मुद्दा नवा आहे, पण मथळा 'विवाहगीते' असाच राहू द्या, मुलांना सोपं पडतं. मी वाद घातला, तर म्हणाल्या, "निता, एवढ्या तेवढ्यावर अडू नकोस, आत तर येतेयस ना?"  घरी आल्यावर मला चार उत्तरं सुचली.

बाबांना विचारलं. बाजारातून आले होते, जेवत होते. भागिरथा कोण म्हटल्यावर हात धुऊन उठले. म्हणाले, "जुनं काहून उकरून राह्यली? तुले पगार त्याचा भेटते काय?" माझ्या बाबांना मी ताट सोडून उठताना पहिल्यांदाच पाहिलं. आई पाठमोरी होऊन भांडी घासत राहिली. आता तूच सांग.

आणखी एक कबुली. तुझं पत्र येण्याआधीच मी समितीला शब्द देऊन बसले होते की पेपरच्या उद्घाटनाला माझी काकी येईल आणि ढावलो म्हणून दाखवेल. त्यांनी तो कार्यक्रमपत्रिकेत घातलाय, दीपप्रज्वलनानंतर, पाच मिनिटं. रागाव, पण येणार की नाही ते कळव.

निता

*

वरचा तांडा,
३० जुलै २०२४

निते,

दीपप्रज्वलनानंतर पाच मिनिटं. हे वाचून मी पत्र घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. मी कुठे जाते आहे, म्हणून ढावलो म्हणू? कोणी निघालेलं नसताना म्हटलेला ढावलो म्हणजे कोणी मेलेलं नसताना मांडलेलं दहावं. येणार नाही. कार्यक्रमपत्रिकेतून नाव काढायला सांग.

आता भागिरथा.

भागिरथा माझी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमचं माहेर रिसोडकडचं हे तुला माहीतच आहे. तिला दिली मेडशीच्या पलीकडच्या तांड्यात. दोन वर्षांत ती दोनदा घरी पळून आली. दोन्ही वेळा पाठीवर वळ होते. याडीनं, आमच्या आईनं, तेल लावून चोळली आणि बानं परत नेऊन सोडली. तिसऱ्यांदा ती आली नाही, निरोप आला. पाणी काढताना पाय घसरला, विहिरीत गेली. एकवीस वर्षांची होती.

बानं नसाब बोलावला. दोन तांड्यांचं प्रकरण, म्हणून तिसऱ्या तांड्याचा मोठा नायक हवा. दौलतसिंग नायक आले. म्हणजे तुझे आजोबा, पुढे माझे सासरे. तू पानात लिहिलंस तसेच, पांढरा पटका, शांत आवाज. दिवसभर नसाब चालला. आम्ही बाया कडब्याच्या गंजीमागे उभ्या होतो. याडीच्या हातांनी त्या वळांना तेल लावलं होतं, तिला कोणी एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी निवाडा झाला, पाय घसरला, कोणाचा दोष नाही. त्या तांड्यानं सगळ्या पंचांना जेवण दिलं. माझ्या बानंही ते जेवण खाल्लं. तो ज्या आवाजानं चूळ भरत होता तो आवाज मला अजून ऐकू येतो.

वर्षभरानं दौलतसिंग नायकानं आपल्या धाकट्या पोरासाठी मला मागणी घातली. कदाचित भरपाई म्हणून असेल, मला कोणी सांगितलं नाही. बाला आकाश ठेंगणं झालं, नायकाचं घर मिळालं म्हणून.

निघायच्या दिवशी मी बाच्या गळ्यात पडले. दोन्ही तांडे उभे होते. काय म्हणाले त्याचा अर्थ देते. सूर देणार नाही आणि आपल्या गोरबोलीतले शब्दही देणार नाही, ते माझ्याजवळच राहतील.

बा, तू मला नायकाच्या घरी देतोस.
तिथल्या तोंडून माझ्या बहिणीचा निवाडा झाला.
बा, तुला दोन लेकी होत्या, पंचांनी एकच मोजली.
तिची पाठ याडीनं पाहिली, याडीला पंचांनी पाहिलं नाही.
पाय घसरला म्हणता. पाय नाही घसरला, तुमची जीभ घसरली.
मी चालले. चालता चालता सांगते,
त्या तांड्याला पुन्हा लेक देणाऱ्याच्या दारात मी पाण्यालाही उभी राहणार नाही.

हे मी दौलतसिंग नायकाकडे बघत म्हटलं. एकोणीस वर्षांची होते. तुझे काका नवरदेव म्हणून चार हातांवर बसलेले होते, त्यांनी मान खाली घातली ती थेट किन्हीराजा येईपर्यंत वर केली नाही.

तुला वाटेल मग काय झालं. काही झालं नाही. नसाब पुन्हा बसला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या रिसोडकडच्या तांड्यानं आणि ह्या तांड्यानं तिथे एकही पोरगी दिली नाही. आजतागायत नाही. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही, आणि कोणी मोडलेलंही नाही. आता तुझ्या त्या सरांना विचार, ह्याला गाणं म्हणायचं का.

हे तुझ्या पेपरात घालायचं असेल तर घाल. पण जाईल तर नावांसकट जाईल. माझ्या, भागिरथाच्या आणि नायकाच्याही.

काकी

*

विद्यापीठ वसाहत,
२१ ऑगस्ट २०२४

काकी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, ज्या आजोबांच्या मांडीवर बसून गूळ खाल्ला, त्या घरात तू हे बोलून शिरलीस आणि आयुष्यभर त्यांना जेवायला वाढलंस. मला कोणीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा.

दोन्ही पानं एकत्र करून नवा घटक लिहिला आहे, सोबत पाठवते. मथळा 'न्याय : नसाब आणि ढावलो'. तुझं म्हणणं पूर्ण घेतलंय, एकही ओळ गाळली नाही. फक्त आजोबांच्या जागी 'एका तांड्याचे नायक' आणि तुझ्या जागी 'एक महिला' असं केलंय.

चिडू नकोस, कारणं ऐक. बाबांना हे कळलंय, त्यांचं बीपी वाढलं आहे. समाजाच्या एका पुढाऱ्यांचा मला फोन आला, म्हणाले, आपलं चांगलं ते दाखवा, घाण कायले दाखवता. शिवाय समितीचा एक नियम आहे की संदर्भसूचीत छापील ग्रंथच हवा, लेखक, गाव, सालासकट. तोंडी सांगितलेलं चालत नाही. म्हणजे तुझं नाव घातलं असतं तरी सूचीत येऊ शकलं नसतं. मग 'एक महिला' लिहिल्यानं असा कितीसा फरक पडतो?

निता

*

वरचा तांडा,
२६ ऑगस्ट २०२४

निते,

तुझे कागद परत पाठवते आहे.

एक महिला म्हणजे कोण? जनगणनेला आलेली? पंचांनी माझ्या याडीला मोजलं नाही आणि आता तू मला मोजत नाहीस. त्यांच्यात आणि तुझ्यात फरक एवढाच की तू पी.एच.डी. आहेस.

सासऱ्यांचं नाव लपवून तू त्यांची इज्जत राखते आहेस असं तुला वाटतं. मग उरलेलं ऐक. मी बोलायला लागले तेव्हा माझ्या चुलत्यानं मला बाच्या गळ्यातून सोडवायला हात घातला. दौलतसिंग नायक पुढे आले आणि म्हणाले, "हात काढ. बोलू दे तिले. जानारीचा हक्क हाय." आणि शेवटच्या शब्दापर्यंत उभे राहून त्यांनी ते ऐकलं, स्वतःच्या विरुद्ध. घरी आल्यावर कधी मला त्याचा टोमणा मारला नाही. आणि भागिरथासाठीही कधी काही केलं नाही.

रीत पाळली, न्याय केला नाही. माणूस असा होता. दोन्ही लिहायचं. एकच लिहायचं असेल तर काही लिहू नकोस, आम्ही फोटोतच बरे होतो.

तुझ्या बाबांच्या बीपीची गोळी रोज दे.

काकी

*

विद्यापीठ वसाहत,
३ ऑक्टोबर २०२४

काकी,

महिनाभर लिहिलं नाही कारण लिहायला तोंड नव्हतं. आता आहे.

परवा शेवटची बैठक झाली. मी नावं घालून घटक मांडला. तुझं रुपाबाई, मग भागिरथा आणि दौलतसिंग. 'दोघांचं नातं : लेखिकेचे आजोबा आणि काकी' असंही तळटिपेत लिहिलं, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की मी लपवलं. मग तोंडं उघडली. एक जण म्हणाले, तुम्ही तुमच्याच समाजाची बदनामी करताय. दुसरे म्हणाले, परंपरा शिकवायची की भानगडी? मी विचारलं, तुमच्या परंपरेत भानगडी नसतात का? माझ्या बाजूला कोणी आलं नाही. साधना मॅडम म्हणाल्या, "निता, तुझा ह्यात जीव गुंतलाय, तुला तटस्थ राहता येत नाही. समितीतून तुला मोकळं करू या. आणि छापील संदर्भ तीस नोव्हेंबरपर्यंत आला नाही, तर हा घटक वगळून आदिवासी कलांवरचा घेऊ."

मी पर्स उचलली, खुर्ची आत सारली. दाराशी पोचले आणि काय झालं कोण जाणे, वळले. म्हटलं, आमच्यात जाणारीला मध्येच थांबवत नाहीत, तुम्हीही थांबवू नका. सूर मला येत नाही हे तुला माहीत आहे. साधंच बोलले. म्हणाले, तुम्ही आमच्याकडे ज्ञान मागितलंत, मी आणलं, तर तुम्हाला त्यात गाणं हवं होतं. तुम्हाला माझी काकी दिव्याशेजारी पाच मिनिटं हवी होती, पण पुस्तकात नको होती. मी इथे बसले कारण तुम्हाला तांड्यातलं एक माणूस दाखवायचं होतं. आणि दोन महिने मीही घाबरले, काकीचं नाव मी माझ्या हातानं खोडलं, त्याची मला लाज वाटते, तुम्हाला तुमची वाटते का ते तुम्ही पाहा. आणखी बरंच. शेवटी आवाज फाटला आणि मी रडायला लागले. साधना मॅडमच्या गळ्यात पडले नाही, तेवढं भान राहिलं. कोणी मध्ये बोललं नाही. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा राहिला होता.

इतिवृत्तात लिहिलंय, 'डॉ. निता राठोड यांनी भावनावश होऊन सभात्याग केला.' बघ, त्यांनी माझंही रडगाणंच केलं.

काकी, मी हरले. नाव खोडल्याबद्दल मला माफ कर. छापील पुस्तक आता कुठून आणायचं?

निता

*

वरचा तांडा,
१८ नोव्हेंबर २०२४

निते,

हरलीस वगैरे लिहू नकोस. छापील पुस्तक कुठून आणायचं म्हणजे काय, छापून आणायचं.

ह्या पत्रासोबत पार्सल आहे, त्यात दहा प्रती आहेत. रिसोडला बाजारपेठेत प्रसेनजितचा छापखाना आहे, लग्नपत्रिका छापतो. तुझ्या काकांना घेऊन तीनदा एसटीने गेले. सोयाबीन काढून झालं होतं, म्हणून त्यांना फुरसत होती. पहिल्या दिवशी प्रसेनजितनं विचारलं, "आजी, लग्न कोनाचं हाय?" म्हटलं, माझंच. त्रेचाळीस वर्षं झाली, पत्रिका आता छापते. तो हसला. मग कागद वाचायला लागला आणि हसायचं थांबला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "जमवतो."

चोवीस पानं आहेत. माझं म्हणणं आहे, त्याच्या आधी भागिरथाचं काय झालं ते, नंतर नायकानं काय केलं आणि काय नाही केलं ते. शिवाय तांड्यातल्या आणखी सहा जणींचं म्हणणं आहे. मी घरोघर गेले. रजिस्टर घेऊन जायची सवय आहेच. आधी कोणी तोंड उघडेना, मग एकीनं उघडलं आणि नंतर मलाच थांबा म्हणावं लागलं. सगळ्या जणी नावानं आहेत. 'एक महिला' एकही नाही.

एक गोंधळ झालाय तो सांगते. प्रसेनजितच्या मशीनवर पत्रिकेचा साचा तयारच असतो. त्यानं वरचा गणपती काढला, पण शेवटच्या पानाखालची ओळ काढायची राहिली. सगळ्या प्रतींत शेवटी छापून आलंय, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे.' तो बिचारा पुन्हा छापून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. राहू दे. ज्या पंचांनी याडीला बोलावलं नाही, त्यांच्या पोरानातवांना आता माझं बोलावणं.

तुझ्या मॅडमना मी रजिस्टर पोस्टानं एक प्रत पाठवली आहे. लेखक, गाव, साल सगळं आहे. मेडशीच्या पलीकडच्या त्या तांड्यालाही एक पाठवली, तिथल्या आताच्या नायकाच्या नावे.

काल तुझे बाबा आले होते. मी प्रत पुढे केली. ओट्यावर बसून त्यांनी सगळी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा पहिल्या पानावर गेले. मग म्हणाले, "बापाचं नाव बराबर छापलं. शाळेच्या दाखल्यात नुसतं दौलत होतं." पाणी प्यायले आणि एक प्रत घेऊन गेले. मला वाटतं आता ते ताट सोडून उठणार नाहीत.

काकी

*

विद्यापीठ वसाहत,
३० जानेवारी २०२५

काकी,

आधी समितीचं सांगते. घटक आला. साधना मॅडमनी मला स्वतः फोन केला. म्हणाल्या, "छापील हवं हा नियम मीच सांगितला होता, आता मलाच मोडता येत नाही." मग म्हणाल्या, "ते शेवटचं निमंत्रण मुद्दाम छापलंय का?" मी हो म्हटलं. मथळा 'न्याय : नसाब आणि ढावलो'. संदर्भसूचीत सातव्या क्रमांकावर: राठोड, रुपाबाई गोपीचंद. 'म्हणणं'. रिसोड, २०२४. मला समितीत परत घेतलेलं नाही. शिकवायला मात्र मीच आहे, कारण दुसऱ्या कोणाला येत नाही.

आता जे सांगायला बसले ते. काल मी वर्गात तुझं पुस्तक वाचलं. पासष्ट मुलं होती. भागिरथाच्या विहिरीपाशी आले आणि एक मुलगी उभी राहिली. पल्लवी तिचं नाव, आपल्याच मालेगाव तालुक्यातली, बंजाराच, पण तांड्यावर राहत नाही, वडील वाशिमला नोकरीला आहेत. म्हणाली, "मॅडम, हे नाव माझ्या आजीच्या ढावल्यात येते." मी विचारलं, कुठलं नाव? "भागिरथा. आजीचं माहेर त्याच तांड्याचं हाय, मेडशीच्या पलीकडचं. आमी लहानपनी तिले म्हनाले लावत होतो. कोन भागिरथा ते आमाले माईत नव्हतं, आमाले वाटे देवी-बिवी असन."

मी म्हटलं, काय येतं त्यात? सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहत होता. ती आधी गोरबोलीत म्हणाली, मग मराठीत सांगितलं. आजी त्या तांड्याची पोरगी, भागिरथाच्या शेजारच्या घरची. ऐंशी साली ती लग्न होऊन निघाली तेव्हा आपल्या बापाच्या गळ्यात पडून म्हणाली होती:

बा, आपल्या विहिरीला छातीएवढा कठडा.
भागिरथाचा पाय कसा घसरला?

काकी, तुझ्याआधी वर्षभर ती हे बोलली होती, तिकडच्या तांड्यात, त्या लोकांसमोर. कठडा होता. तिनं पाहिलं होतं. नसाबानं तिलाही विचारलं नाही, आणि नंतर चव्वेचाळीस वर्षं लेकरांनी, मग नातवंडांनी ते गाणं म्हणून ऐकलं.

पल्लवीनं मला विचारलं, परीक्षेत हे लिहिलं तर चालेल का. मी म्हटलं, तपासणारी मी आहे, लिही.

निता

*

वरचा तांडा,
४ फेब्रुवारी २०२५

निते,

तुझं पत्र तुझ्या काकांनी मोठ्यानं वाचलं. कठड्यापाशी आल्यावर ते थांबले, तेव्हा मी त्यांच्या हातून घेतलं. मग मी रडले, खूप रडले. याडी असायला हवी होती.

मी आजवर समजत होते की भागिरथासाठी बोलणारी मी एकटीच. माझ्याआधी एक पोरगी बोलली होती आणि मला कळलं नाही, कारण आम्ही त्या तांड्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हे माझं चुकलं, तेही लिहायचं.

पल्लवीच्या आजीचं नाव आणि पत्ता कळव. त्या जिथे असतील तिथे मी जाते, सोमवारी, पहिल्या एसटीने. प्रसेनजितला निरोप दिला आहे की पुस्तक पुन्हा छापायचं आहे. पहिलं पान त्यांचं राहील, माझं त्यांच्यानंतर. त्यांचं नाव पूर्ण लिहून पाठव, माहेरच्या आडनावासकट.

काकी